टीव्हीला जोडलेला मोबाईल बँक लुटत नाही: फिरत्या मेसेजला उत्तर

धारूर तालुक्यातल्या ज्या गावात मी शिकवतो, तिथली निम्मी घरं दसरा झाला की कुलपात जातात. कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, कारखान्याला जातात, कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी कर्नाटकात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आज्जी त्यांतलीच. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू. मुलगा आणि सून फडात. रात्री नऊला त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. आज्जी मोबाईल अगदी डोळ्याला भिडवायची, तरी तिला दिसायचा नुसता उजेड आणि हलणारी सावली.

मागच्या हंगामात मी त्या पोराला मोबाईलचं चित्र टीव्हीवर टाकायला शिकवलं. बत्तीस इंची टीव्ही घरात होताच. पहिल्या रात्री सुनेचा चेहरा टीव्हीवर उभा राहिला, तशी आज्जी उठून जवळ गेली, काचेवरून हात फिरवला आणि म्हणाली, “किती वाळलीस गं माय.” आवाज मोबाईलमधूनच येत होता, चित्र तेवढं टीव्हीवर. तिला तेवढं पुरेसं होतं.

यंदा ते बंद झालं. गावाच्या ग्रुपवर एक मेसेज आला, तोच माझ्या अंबाजोगाईच्या गल्लीच्या ग्रुपवर आला, शिक्षकांच्या ग्रुपवरही आला. आज्जीच्या पुतण्यानं तो वाचून दाखवला आणि टीव्हीतली सेटिंगच बंद करून टाकली. “गुर्जी, खात्यात उचलीचे पैसे हाईत, कामून इषाची परीक्षा?” असं आज्जी मला म्हणाली. तिचं भय खोटं नाही. मेसेज खोटा आहे.

त्यात थोडक्यात असं म्हटलंय: मोबाईल बिनवायरचा टीव्हीला जोडला की सगळा मोबाईल टीव्हीत कॉपी होतो आणि हॅकर खातं रिकामं करतो. शेजाऱ्यांना तुमची स्क्रीन दिसते. डेटा दुप्पट जळतो. इंटरनेटशिवाय हे चालतच नाही, म्हणून खेड्यात उपयोग नाही. त्या लहरींनी लेकरांच्या मेंदूला इजा होते. आणि शेवटी, साधी केबल घ्या, ती सगळ्या मोबाईलला चालते.

पहिला दावा सगळ्यात घातक, म्हणून त्यावर जास्त बोलतो. मोबाईल टीव्हीत कॉपी होत नाही. आपल्याकडच्या पुष्कळ अँड्रॉइड फोनमध्ये आणि स्मार्ट टीव्हींमध्ये यासाठी मिराकास्ट नावाची पद्धत असते. वाय-फाय अलायन्स या संघटनेनं ती २०१२ साली आणली. त्यात फोन आपल्या पडद्यावरचं चित्र घेतो, त्याचा चालता व्हिडिओ बनवतो आणि वाय-फायच्या लहरींवरून थेट टीव्हीकडे पाठवतो. टीव्ही तो व्हिडिओ उलगडून दाखवतो. यालाच मिररिंग म्हणतात. तुमचे फोटो, कॉन्टॅक्ट, पासवर्ड टीव्हीत जाऊन बसत नाहीत. जोडणी तोडली की चित्र गेलं. मधल्या वाटेवरचा हा व्हिडिओ घरच्या वाय-फायसारखाच, डब्ल्यूपीए-२ पद्धतीनं कुलूपबंद असतो.

आणखी एक गोष्ट घरीच तपासून बघा. मोबाईल टीव्हीला जोडलेला असताना बँकेचं ॲप उघडा. बहुतेक बँकांच्या ॲपची स्क्रीन टीव्हीवर काळी दिसेल, कारण ॲप बनवणाऱ्यांनीच स्क्रीन बाहेर जाऊ न देण्याची सोय केलेली असते. ओटीटीवरचे काही सिनेमे टीव्हीवर काळे दिसतात तेही अशाच अटकावामुळे, चोरून कॉपी होऊ नये म्हणून. पुष्कळांना वाटतं व्हायरस शिरला. तसं काही नसतं.

मग लोकांची खाती रिकामी होतात ती कशी? होतात, आणि मोबाईलची स्क्रीन दाखवूनच होतात. इथंच या मेसेजनं दोन गोष्टींची गल्लत केलीय. अनोळखी माणूस फोन करतो. बँकेचा अधिकारी आहे म्हणतो, नाहीतर महावितरणच्या नावानं ‘बिल भरलं नाही, आज रात्री लाईट तोडू’ असा मेसेज टाकतो. मग एक ॲप घ्यायला लावतो. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्क या ॲपबद्दल असाच इशारा दिला होता. ॲप वाईट नाही, दूरचा संगणक दुरुस्त करायला ते खरोखर वापरतात. पण त्यात दिसणारा नंबर तुम्ही भामट्याला सांगितला आणि परवानगी दिली की तुमचा मोबाईल इंटरनेटवरून त्याच्या हातात जातो, ओटीपीसकट. ऑगस्ट २०२३ पासून व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्येही स्क्रीन दाखवायची सोय आली, आणि तीच विनंती आता तिथंही होऊ शकते.

तुमच्या खोलीतला टीव्ही आणि शेकडो किलोमीटर दूर बसलेला भामटा, यांत फरक करायला हा मेसेज शिकवत नाही. मला राग त्याचाच येतो. आज्जीच्या त्या पुतण्यानं टीव्हीची सेटिंग बंद केली. पण उद्या त्याला ‘बँकेतून बोलतोय, हे ॲप घ्या’ असा फोन आला, तर या मेसेजमुळं तो सावध होणार नाही. उलट त्याला वाटेल, आपण तर टीव्ही जोडलेलाच नाही, आपल्याला काय धोका. असा फोन आला तर कट करा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा, जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

टीव्हीच्या बाजूनं शंका घ्यायची असेल तर खरी जागा वेगळीच आहे. काही स्मार्ट टीव्ही तुम्ही काय बघता याची नोंद कंपनीकडं पाठवतात. अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीनं सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींवरून लोकांना न सांगता अशी माहिती गोळा केली. २०१७ साली तिला ते प्रकरण २२ लाख डॉलर देऊन मिटवावं लागलं. त्यात कुणाचं बँक खातं रिकामं झालं नव्हतं, पण घरात काय पाहिलं जातं ही माहितीही आपलीच असते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गोपनीयतेच्या भागात बघण्याची माहिती पाठवायची परवानगी असते, ती काढून टाका.

प्ले स्टोअरवर ‘स्क्रीन मिरर’ नावाची ढीगभर ॲप आहेत, तीही घेऊ नका. फोनमध्ये सोय आधीच असते. वरून खाली ओढलेल्या पट्टीत बघा. सॅमसंगमध्ये तिला स्मार्ट व्ह्यू म्हणतात, इतरांत कास्ट, स्क्रीनकास्ट, मिररिंग अशी नावं असतात. काही फोनमध्ये, उदाहरणार्थ गुगलच्या पिक्सेलमध्ये, मिराकास्ट नसतंच. आयफोनही मिराकास्ट वापरत नाही, त्याचं एअरप्ले वेगळं.

शेजाऱ्याचा मुद्दा. शेजाऱ्याला तुमची स्क्रीन आपोआप दिसत नाही. यात तथ्य असेल तर एवढंच की चूक आपल्या बोटानं होऊ शकते. माझा भाचा लातूरला क्लाससाठी खोली घेऊन राहतो. तिथं एकेका मजल्यावर पाच-सहा खोल्या, आणि कास्ट दाबलं की यादीत एकाच कंपनीचे तीन टीव्ही, तिन्हींची नावं सारखी. त्यानं फिजिक्सचं लेक्चर लावायला भलत्याच टीव्हीवर बोट ठेवलं. समोरच्या टीव्हीनं ‘परवानगी द्यायची का’ विचारलं, तिथल्या माणसानं नाही म्हटलं, विषय संपला. पण तिथल्यानं हो म्हटलं असतं तर याचे मेसेज त्याच्या भिंतीवर दिसले असते. म्हणून आपल्या टीव्हीचं नाव बदलून ठेवा, प्रत्येक वेळी पिन किंवा परवानगी विचारायची सेटिंग चालू ठेवा, आणि पाहुणे बसलेले असताना नोटिफिकेशन बंद करा. मिररिंगमध्ये पडद्यावर येणारं सगळंच टीव्हीवर येतं, मेव्हण्याचा उसनवारीचा मेसेजसुद्धा.

उलट्या दिशेचा प्रकार मात्र जगात घडलाय. जानेवारी २०१९ मध्ये हजारो क्रोमकास्ट (टीव्हीला लावायचं गुगलचं छोटं यंत्र) आणि स्मार्ट टीव्हींवर परक्यांनी एका यूट्यूबरचा प्रचार करणारा व्हिडिओ परस्पर चालवला. घरात वाय-फाय पुरवणाऱ्या राउटरमधली एक सेटिंग उघडी राहिल्यामुळं ते झालं. त्यांनी टीव्हीवर व्हिडिओ लावला, कुणाच्या मोबाईलची स्क्रीन पाहिली नाही. तरी वाय-फायचा पासवर्ड अख्ख्या गल्लीला वाटून ठेवू नये, हे बरोबरच.

आता डेटा. इथं मेसेजला खऱ्याचा काठ लागलाय, आणि तो समजून घेतला तर पैसे वाचतात. मिररिंगला स्वतःचा असा इंटरनेटचा डेटा लागत नाही. फोन ते टीव्ही हा प्रवास घरातल्या घरात होतो. फोनवर यूट्यूब चालू असेल तर यूट्यूबला जेवढा लागायचा तेवढाच लागतो.

पण कास्ट ही वेगळी पद्धत आहे आणि लोक दोन्हींना एकच नाव देतात. गुगलनं २०१३ साली क्रोमकास्ट आणलं तेव्हापासूनची ही रीत. यूट्यूबमधलं टीव्हीचं छोटं चिन्ह दाबलं की फोन टीव्हीला फक्त सांगतो, ‘अमुक व्हिडिओ लाव’. मग टीव्ही स्वतः इंटरनेटवरून तो ओढतो आणि फोन नुसता रिमोट उरतो. फोनचा पडदा बंद केला तरी टीव्ही चालू राहतो, बॅटरीही फारशी जात नाही. पण टीव्हीचा पडदा मोठा असतो, म्हणून तो चांगल्या दर्जाचा व्हिडिओ मागतो. फोनवर ४८० दर्जात तासाला साधारण अर्धा जीबी जात असेल, तर टीव्हीवर १०८० दर्जात दीड ते तीन जीबी जातात. टीव्हीला नेट तुमच्याच दुसऱ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटचं असेल, तर दिवसाचा दीड-दोन जीबीचा पॅक क्रिकेटच्या एका डावात संपतो. ‘दुप्पट जातो’ ही समजूत इथूनच आली असणार, आणि हिशोब दुपटीच्याही पुढं जातो. उपाय सोपा आहे: टीव्हीवर चालू व्हिडिओच्या सेटिंगमध्ये जाऊन दर्जा ४८० वर आणा. बत्तीस इंचावर, आठ फुटांवरून, लेक्चरचा फळा नीट वाचता येतो. मी वाचलाय.

मिररिंगचा तोटाही सांगायला हवा. फोनला सतत व्हिडिओ बनवावा लागतो, म्हणून तो तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. चित्रही क्षणभर मागं पडतं. सिनेमाला चालतं, गेमला नाही.

इंटरनेटशिवाय चालत नाही, हा दावा दोन मिनिटांत खोटा पाडता येतो. फोन विमान मोडवर टाका, मग त्यातलं वाय-फाय तेवढं चालू करा. राउटर बंद ठेवा. मिराकास्ट असलेला टीव्ही यादीत दिसतो आणि गॅलरीतले फोटो टीव्हीवर उमटतात. गेल्या उन्हाळ्यात वादळानं टॉवर गेला आणि आमच्याकडं दीड दिवस रेंज नव्हती. लाईट आल्यावर चुलतभावाच्या लग्नाचा सगळा व्हिडिओ आम्ही त्याच्या फोनवरून असाच पाहिला, अंगणात टीव्ही काढून, वीस-पंचवीस माणसं. नेट लागतं ते कास्टला. खेड्यात उपयोग नाही हे म्हणणं तर अगदीच उफराटं आहे. जिथं घराघरात वाय-फाय नाही तिथंच मिररिंगचा उपयोग जास्त.

लहरींबद्दल थोडक्यात. हे तेच २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय आहे, जे बँकेत, दवाखान्यात, क्लासमध्ये आधीपासून चालू आहे. क्ष-किरणांसारखी या लहरींत अणूतला इलेक्ट्रॉन उडवायची ताकद नसते. मोबाईलच्या लहरींतली किती ऊर्जा शरीरात शोषली जावी, यावर भारतात २०१२ पासून किलोमागे १.६ वॅटची मर्यादाही आहे. लेकरांच्या डोळ्यांचीच काळजी असेल तर वीतभर अंतरावरच्या मोबाईलपेक्षा आठ फुटांवरचा टीव्ही बरा.

राहिली केबल. या सल्ल्यानं माझेच सहाशे रुपये गेले. लातूरला गंजगोलाईजवळच्या एका दुकानात मी टाईप-सी ते एचडीएमआय केबल घेतली, म्हणजे एक टोक मोबाईलच्या चार्जिंगच्या भोकात आणि दुसरं टीव्हीच्या मागं. ‘सर, सगळ्याला चालते.’ घरी आणून लावली, टीव्हीवर ‘सिग्नल नाही’. दुसरं पोर्ट, दुसरा टीव्ही, तेच. परत नेली तर पाकीट फोडलंय म्हणून घेईनात. नंतर कळलं की टाईप-सीचं भोक सारखं दिसलं तरी आतली तारजोडणी सारखी नसते. त्यातून चित्र बाहेर यायला फोनमध्ये डिस्प्लेपोर्टची सोय असावी लागते. महागड्या फोनमध्ये ती असते, आयफोनमध्ये १५ पासून आहे, पण आपण घेतो त्या दहा-पंधरा हजारांच्या बहुतेक फोनमध्ये नसते. ते पोर्ट चार्जिंगला आणि फाईल पाठवायला, बस. केबल घ्यायचीच तर आधी आपल्या मॉडेलच्या माहितीत डिस्प्लेपोर्ट किंवा व्हिडिओ आउट लिहिलंय का बघा, आणि दुकानातच लावून दाखवायला सांगा. जुन्या एलईडीला एचडीएमआय असेल तर मिराकास्टचा डोंगल, म्हणजे त्यात खोचायचं छोटं यंत्र, लावूनही काम होतं, केबल लागत नाही.

रविवारी मी आज्जीच्या घरी गेलो होतो. पुतण्यालाही बोलावून घेतलं. त्याच्यासमोरच त्याच्या मोबाईलवर बँकेचं ॲप उघडलं आणि टीव्हीवर काळा पडदा दाखवला. मग राउटर नाही, हॉटस्पॉट नाही, तरी चित्र येतं हेही दाखवलं. सेटिंग त्यानं स्वतःच्या हातानं चालू केली, परवानगी विचारायची खूण केली आणि नाव बदललं. आता नऊला कॉल आला की यादीत ‘आज्जीचा टीव्ही’ दिसतो.