स्क्रीनने डोळे जात नाहीत, त्या थेंबांनी मात्र जाऊ शकतात

भाची मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या बॅचच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज शेवटी ताईकडे आला आणि ताईने मला पाठवला, "खरं का रे हे?" म्हणून. मेसेजचं म्हणणं असं: लाइव्ह ऑनलाइन लेक्चरमुळे मेडिकलच्या मुलांचे डोळे कायमचे जाताहेत, स्क्रीनचा निळा प्रकाश डोळ्यातला पडदा जाळतो, आणि लाइव्हचे किरण थेट येतात, रेकॉर्डिंगचे नाही. उपाय? निळा प्रकाश अडवणारा चष्मा घ्या, नंबरचा चष्मा टाळा आणि डोळे लाल झाले की स्टेरॉइडचे थेंब महिनाभर घाला.

निळ्या प्रकाशाचं आधी. भर दिवसा उघड्यावर डोळ्यांत जेवढा निळा प्रकाश शिरतो, त्याच्या साधारण हजाराव्या हिश्श्याएवढा स्क्रीनमधून येतो. तेवढ्याने पडदा जळायला लागला तर उन्हात काम करणाऱ्यांचं काय झालं असतं? आणि तो चष्मा? कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०२३ साली १७ चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या काचांपेक्षा या काचांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं दिसलं नाही. चाचण्या लहान आणि थोड्या दिवसांच्या होत्या, कबूल. पण चष्मा विकणाऱ्यांनी याहून भक्कम पुरावा कुठे दिलाय?

मेसेजमधलं ते "लाइव्हचे किरण थेट येतात" वाचून तर डोक्याला हात लावला. सर आत्ता बोलताहेत की काल बोलले होते, हे स्क्रीनला काय कळणार! तरी यात कणभर तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. लाइव्ह तास थांबवता येत नाही. पॅथॉलॉजीची स्लाइड, तिच्यावर मुंगीएवढी अक्षरं, मोबाईल नाकाशी आणि सर "हा बाण बघा" म्हणत पुढे निघालेले. पोरगी पापणी लवायचीच विसरते. अश्रूंचा थर सुकतो, डोळे चुरचुरतात, धूसर दिसतं, डोकं दुखतं. त्रास खराच आहे, पण स्क्रीन बाजूला ठेवली की बहुतेक वेळा उतरतो. याला डोळे जाणं म्हणत नाहीत. तासन् तास जवळचं बघण्याचा आणि मायनस नंबर वाढण्याचा संबंध आढळतो, हेही खरं. पण मग जाडजूड पुस्तकंही त्यात आली.

नंबरचा चष्मा टाळल्याने नंबर थांबत नाही. पुढे.

आता ते थेंब. स्टेरॉइडने लाली झटकन उतरते, म्हणूनच माणूस फसतो. काहींच्या डोळ्यांत त्याने काही आठवड्यांतच दाब चढतो. बहुधा दुखत नाही, समोरचं नीट दिसत राहतं, आणि कडेची नजर हळूहळू जात असते. हाच काचबिंदू, आणि त्याने गेलेली नजर परत येत नाही. फार दिवस घातले तर मोतीबिंदूही होतो. लाली हर्पिसच्या विषाणूची असली तर बुबुळावरची जखम चिघळते, ते वेगळंच. हे सगळं फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात आहे, आणि ते पुस्तक उशाशी घेऊन झोपणारी मुलंच हा मेसेज पुढे ढकलताहेत!

ताईला कळवलंय: बाटली आणली असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, किती दिवस घातले ते सांग, डोळ्यांचा दाब मोजून घे. आणि तास मोबाईलवर नको, लॅपटॉपवर, हातभर अंतरावरून.