पिग्मीच्या वहीतलं वडगाव

मागच्या आठवड्यात बेळगावच्या खासबागेत पिग्मीला, म्हणजे रोजची बचत गोळा करायला गेले, तर ज्या विणकरांना मी मामा म्हणते त्यांच्या दारात टेम्पो लागलेला. साड्या विणायच्या दोन मागांपैकी एक खोलून आधीच चढवला होता. मी विचारलं, "काय मामा, दुरुस्तीला काय?" म्हणाले, "दुरुस्ती कसली गं, इकूलालो. भंगारवाला किलोवर घेऊलाला." आणि खिशातून त्या दिवशीचे पन्नास रुपये काढून माझ्या हातावर ठेवले. इतक्या वर्षांत त्यांनी पिग्मी चुकवली नाही, माग विकला त्या दिवशीही नाही.

आत मामी फरशीवर रॉकेल टाकून तेलाचे डाग घासत होत्या. माग जिथं उभे होते तिथं काळे चौकोन उमटलेत. तीस वर्षांचं तेल, एका दिवसात कसं जाणार? खोली भाड्यानं द्यायची आहे, म्हणून घाई.

मी घरी आले, जेवण गेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. लांब झालंय, पण वाचा.

पिग्मी म्हणजे काय ते पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना सांगावं लागतं. रोजच्या कमाईतले वीस, पन्नास, शंभर रुपये दारात येऊन गोळा करायचे, पावती द्यायची, वर्षाअखेरीस व्याजासकट हातात. ही पद्धत आपल्याच कर्नाटकातली, 1928 साली उडुपीकडच्या सिंडिकेट बँकेनं सुरू केली. बेळगावात तर पतसंस्थांनी ती गल्लीगल्लीत नेली. मी बावीस वर्षं वडगाव, खासबाग, भारतनगर, शहापूर पायी फिरते. कुणाच्या घरी काय चाललंय ते पिग्मी थांबली की आधी मला कळतं.

सुरुवातीला माझ्या वहीत निम्म्याहून जास्त नावं मागवाल्यांची होती. गल्लीत शिरलं की खटक-खटक आवाजात बोलायचं म्हणजे ओरडून बोलावं लागायचं. सगळ्या घराला काम होतं. बाई सुताच्या कांड्या भरायची, म्हातारा मागाच्या बीमवर धागा जोडायचा, पोरं शाळेतून आली की साड्यांच्या घड्या. आज त्याच घरांतून मी कुणाकडे पिग्मी घेते? खोल्या भाड्यानं देणारे, डबे करून देणाऱ्या बाया, प्लॉटचे एजंट, रात्री अकरापर्यंत जेवणाची पार्सलं पोचवणारी पोरं. त्यांचा धंदा मी हलका मानत नाही. कष्टच आहेत. पण ही पोरं तासाला एक गिऱ्हाईक बघतात आणि त्याच्याशी चार वाक्यं बोलतात, तीही हिंदीत.

मामांच्या घरात कानडी, आमच्या घरात मराठी. माझी आई त्यांच्याकडे कांड्या भरायला जायची, त्यामुळं तिला कानडी आकडे तोंडपाठ होते आणि मामींना आमच्या जात्यावरच्या ओव्या. कुणी वर्ग घेतला नव्हता. एका छपराखाली आठ-आठ तास काम केल्यावर भाषा आपोआप अंगात मुरते. बेळगावची मराठी अशीच घडली, म्हणून तर आपण "करूलालो, जाऊलालो" म्हणतो आणि पुण्यात हसं होतं. मला त्या भाषेचा अभिमान आहे.

आता शेताचं. वडगाव, शहापूर, अनगोळ, माजगाव ते येळ्ळूरपर्यंतचं शिवार म्हणजे बेळगावी बासमतीचं शिवार. काळी जमीन, पावसात भात, त्यानंतर ओलीवर मसूर-वाटाणा. आमचं दीड एकर होतं. नव्या तांदळाचा भात चुलीवर चढला की चार घरं सोडून वास जायचा, आणि शेजारीण वाटी घेऊन यायची. बासमतीला उतारा कमी, म्हणून लोकांनी दुसरी भातं घेतली. मग बळ्ळारी नाल्याचं दुखणं वाढलं. नाला गाळानं भरला, त्यात शहराचं सांडपाणी आलं, आणि पावसाळ्यात पीक दिवसेंदिवस पाण्याखाली कुजायला लागलं. दोन-तीन वर्षं लागोपाठ लावणी कुजली की शेतकरी काय करणार? माझ्या भावानं अर्धा एकर काढला. तीस बाय चाळीस फुटांचे प्लॉट पडले, काही नोंदणीशिवाय नुसत्या बॉन्ड पेपरवरच विकले गेले. ज्यांनी ते घेतले ते कुणी धनदांडगे नव्हते. खानापूर, बैलहोंगलकडून आलेले मिस्त्री, ड्रायव्हर, शिपाई. त्यांच्या नावावर आज जमिनीचा उतारा नाही, गटार नाही, आणि पावसाळ्यात घरात पाणी. विकणारा हळहळतोय, घेणाराही रडतोय.

हलगा-मच्छे बायपास दहा किलोमीटरचाही नाही, पण नेमका याच पिकाऊ पट्ट्यातून काढला. माझ्या ओळखीच्या बाया कापणीला आलेल्या भातात जेसीबीपुढं उभ्या राहिल्या, पोलिसांनी त्यांना उचललं. त्यातल्या एकीनं मला दुसऱ्या दिवशी पिग्मी दिली आणि म्हणाली, "हे शेवटचं गं, आता कुठलं आणू?" आता रिंगरोडचीही टांगती तलवार आहे.

मी महाराष्ट्र एकीकरण समितीच्या सभांना आईच्या कडेवर बसून गेलेली मुलगी आहे. 1956 साली आमच्या मनाविरुद्ध दोन राज्यांमधली रेघ ओढली, चंदगड तालुका पलीकडे राहिला आणि आम्ही इकडे, ही सल मी कधी नाकारणार नाही. महाराष्ट्राचा सीमाभागावरचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल आमच्या बाजूनं लागावा असं मला मनापासून वाटतं. पण पाट्यांवर कुठली भाषा, कागदपत्रं कुठल्या भाषेत, यावर आपण जेवढं जीव तोडून बोलतो, त्याच्या चौथाईनंही माग आणि शिवार यावर बोलत नाही. मराठी शाळेचा पट का कमी झाला? इंग्रजी शाळा आली हे एक कारण झालंच. दुसरं असं की ज्यांची पोरं तिथं जायची ती घरंच गल्लीत राहिली नाहीत. कुणी पुण्याला गेलं, कुणी गोव्याला हॉटेलात, कुणी शिनोळीच्या कारखान्यात. बाचीच्या पुढं रेघ ओलांडली की शिनोळी. आमच्याकडची पोरं सकाळी दुचाकीवर महाराष्ट्रात कामाला जातात आणि चंदगडची माणसं दवाखान्याला, बाजाराला बेळगावात येतात. पोटाला सीमा कळत नाही.

निपाणीचं आठवा. 1981 मध्ये शरद जोशींबरोबर तंबाखूचे शेतकरी हमरस्त्यावर बसले होते. मराठी बोलणारे, कानडी बोलणारे, सगळे एका मांडवात, मागणी एकच, तंबाखूला भाव. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसं गेली. माझे मामेसासरे तिथं होते. ते सांगायचे की कुणी कुणाची भाषा विचारली नाही. मला आज वडगावात तसं बसलेलं बघायचंय, मराठी शेतकरी आणि कानडी विणकर शेजारी शेजारी.

हलग्याला 2012 मध्ये कर्नाटक विधिमंडळाची इमारत, सुवर्ण विधानसौध झाली. दरवर्षी हिवाळ्यात तिथं अधिवेशन भरतं, तेव्हा हॉटेलं भरतात, रस्ते चकचकीत होतात. 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपण आलो. टिळकवाडीतले रस्ते सुधारले, खरं आहे. पण त्याच वर्षांत बळ्ळारी नाला का साफ झाला नाही, हे मी सभागृहातल्या दोन्ही भाषांच्या आमदारांना विचारते. शिवाराचा पट्टा शेतीसाठी राखून ठेवा, नाल्याचा गाळ पावसाआधी काढा, विणकराला सूत आणि वीज परवडेल अशी द्या. हे मागायला कुठल्या भाषेची अडचण आहे?

उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीबद्दलही लिहायचं होतं. माझे यजमान तिथं लेथवर आहेत, तिथली गोष्ट वेगळी आणि थोडी बरी आहे. फौंड्रीच्या कामाला अजून बेळगावचं नाव आहे. पुन्हा कधीतरी लिहीन.

आषाढात वडगावच्या मंगाई देवीची यात्रा येईल. माहेरवाशिणी येतील, गाऱ्हाणं होईल. मामी दरवर्षी देवीला आपल्या मागावरची साडी द्यायच्या. यंदाची साडी माग विकायच्या आधीच विणून ठेवलीय, मला काढून दाखवली. हिरवी, तांबड्या काठाची. पुढच्या वर्षीचं त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

राहिलेल्या एक एकरात यंदा बासमती लावायचं ठरवलंय. भाऊ तयार आहे. जुनं, वासाचं बियाणं हवंय. येळ्ळूर, धामणे, सुळगा, कुणाकडं पायलीभर जरी असेल तर खाली कळवा. मी स्वतः घ्यायला येते.