अपराधी आई व्हा: सोपे घरगुती उपाय

नुकत्याच आई झालेल्या आणि होऊ घातलेल्या सख्यांनो, निवांत आया तुम्ही पाहिल्या असतीलच. मांडीवर बाळ, हातात चहाचा कप, चेहऱ्यावर शांती. अशा बायकांपासून सावध राहा. एकतर त्या खोटं बोलतायत, नाहीतर त्यांच्याकडे अजून पाहुणे आलेले नाहीत. आपलं सतत काहीतरी चुकतंय असं वाटत राहणं हीच खऱ्या आईची खूण. आपोआप वाटत नसेल तरी घाबरू नका, सवयीने जमतं. मला अकरा महिन्यांत छान जमलंय, आणि गेल्या रविवारी आमच्याकडे बोरन्हाण झालं त्यात तर मी विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाले. म्हणून हे अनुभवाचे बोल.

सुरुवात दुधापासून करायची. बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी, टाके ठणकत असताना, कुणीतरी येऊन विचारतंच, 'दूध पुरतंय ना?' याचं बरोबर उत्तर अस्तित्वात नाही. बाळ रडलं तर दूध पुरत नाही. झोपलं तर अशक्तपणाने झोपलंय. 'पुरतं' म्हणालात तर दृष्ट लागते. सुरुवातीला नुसता चीकच येतो आणि बाळाच्या इवल्याशा पोटाला तेवढा पुरतो, हे नर्स सांगून गेली असेल तर विसरून जा. आपल्याकडे 1992 च्या कायद्याने तान्ह्या मुलांच्या दूध पावडरच्या जाहिरातीला बंदी आहे. नातेवाइकांना नाही. 'वरचं दूध सुरू कर' म्हणणारी बाई आणि 'हल्लीच्या मुलींना डबा फोडायची फार घाई' म्हणणारी बाई एकच असते, मध्ये फक्त चहाचा एक कप जातो.

नोकरी करत असाल तर काम आणखी सोपं. पहिले 6 महिने फक्त आईचं दूध, पाण्याचा थेंबही नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2017 च्या दुरुस्तीनंतर कायदा पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा देतो, त्यातले 8 पर्यंत आठवडे आधी घेता येतात. माझा रक्तदाब वाढला म्हणून 6 आधीच गेले. उरले 20. म्हणजे साडेचार महिन्यांचं पोर घरी आणि मी पर्समध्ये पंप घेऊन डोंबिवलीच्या फलाटावर. संध्याकाळी गेल्यावर हा आपल्याला ओळखेल ना, हा प्रश्न सकाळी दिवा स्टेशन यायच्या आत पडला पाहिजे. नाही पडला तर तुमच्या मायेत खोट आहे. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, असंही त्याच कायद्यात आहे. मी ऑफिसात चौकशी केली तेव्हा समोरच्या मुलीचा चेहरा असा झाला, जणू मी गच्चीवर हेलिपॅड मागितलंय.

(आमच्याकडे मालिशला येणाऱ्या मावशी स्वतःचं चार महिन्यांचं मूल थोरल्या मुलीवर सोपवून येत होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही, बाळाचं काय करता म्हणून. मीसुद्धा तिसऱ्या आठवड्यात विचारलं.)

परंपरेचा मान राखा. सहाणेवर वेखंड, मुरडशेंग, हिरडा, जायफळ उगाळायचं आणि कशाचे किती वळसे यावरून दोन आज्यांनी एकमेकींशी बोलणं टाकायचं, अशी रीत आहे. वर्षाच्या आत मध चाटवू नका, त्यात बोट्युलिझम नावाच्या गंभीर विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, असं डॉक्टर बजावून सांगतात. हे वाक्य पाठ करा आणि घरात चुकूनही उच्चारू नका. उत्तर ठरलेलं आहे, 'आमची मुलं नाही वाढली?' वाढली की. त्यातलंच एक माझा नवरा आहे आणि त्याला आजही स्वतःचा टॉवेल सापडत नाही.

त्याने डायपर बदलला की फोटो काढा.

आजी नाचणीचं सत्त्व सांगते, मोबाइलमधली बाई अवाकाडो सांगते. दोन्ही करा. बाळ दोन्ही थुंकेल. दोष स्वतःकडे घ्या.

बाळाला घेऊन प्रवास करायचा असेल तर हिरकणीचा आदर्श ठेवा. तिचं बरं होतं, एकच कडा उतरायचा होता. आजची असती तर खाली पोचल्या पोचल्या काकू भेटल्या असत्या, 'तान्हं घरी टाकून दूध विकायला गेलीसच कशाला? आणि उतरताना पडली असतीस तर मागे पोराचं कोणी केलं असतं?' बुरूज राहिला बाजूला, जन्माचा टोमणा मिळाला असता. तिच्या नावाने आता एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतात. दिवाळीत एका स्टँडवरचा मी शोधून काढला. दाराला कुलूप, किल्ली साहेबांकडे, साहेब जेवायला. शेवटी ओढणी पसरून बाकावरच बसले, तर शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, 'घरून पाजूनच निघायचं ना.' घरून निघून चार तास झाले होते, बाई.

डोनाल्ड विनिकॉट नावाचा एक ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होऊन गेला. बाळाला परिपूर्ण आई नको असते, पुरेशी बरी आई लागते, असं त्याने 1953 मध्येच लिहून ठेवलंय. त्याचं म्हणणं, आई बाळाच्या हाकेला हळूहळू थोडी कमी पुरी पडत जाते, त्यातूनच ते जगाशी जुळवून घ्यायला शिकतं. या गृहस्थाच्या वाऱ्यालाही उभ्या राहू नका. त्याचं पटलं तर अर्ध्या हळदीकुंकवांना बोलायला विषय उरायचा नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या मनाला काय वाटतं, त्याकडे ढुंकूनही बघू नका.

माझंच बघा. पोराला आठवडाभर सर्दी होती. शनिवारी रात्री त्याचं रडणं बदललं. उभा खांद्यावर धरला की गप्प, आडवा टाकला की किंचाळायचा. दोन घोट ओढून दूध सोडून द्यायचा. हात सारखा उजव्या कानाशी. रात्री तीन वाजता मी नवऱ्याला म्हटलं, याचा कान दुखतोय. सकाळी सासूबाईंना म्हटलं, आई, बोरन्हाण पुढे ढकलू या का, रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं, मी जरा डॉक्टरांकडे जाऊन येते. आमचे डॉक्टर रविवारी दहा ते बारा असतात.

किती हा आततायीपणा! हलव्याचा मुकुट आणलेला, बाजूबंद आणलेले, काळं झबलं इस्त्री करून ठेवलेलं, पंचवीस जणांचा उपमा शिजतोय. आणि कान? कान नाही गं, दात. दात येतायत त्याला. अकरा महिन्यांच्या पोराला काहीही झालं तरी दातच येत असतात. आमच्या आतेसासूबाईंच्या मते तर पावसाळा लांबतो तोही दातांमुळेच असावा.

मग आला सोहळा. पाटावर बसवलं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गोळ्या. तो रडतोय. फोटोत रडका आला म्हणून पुन्हा ओतलं. पुन्हा रडला. तिसऱ्यांदा ओतलं. मग निकालपत्रक वाचन सुरू झालं. भुकेला आहे, हिचं दूधच पातळ. दृष्ट लागली, मीठमोहऱ्या ओवाळा. कडेवर घेऊन घेऊन लाडावलाय. आमच्यात असा रडका कुणी नव्हता, हे तिकडचंच. एक काकू लसूण घालून कढवलेलं तेल वाटीत घेऊन आल्या, कानात दोन थेंब सोडते म्हणाल्या. म्हणजे कान असू शकतो हे काकूंना मान्य होतं, फक्त माझ्या तोंडून चालत नव्हतं! मी वाटी बाजूला सारली. दिवसभरात मी केलेली तेवढी एकच शहाणपणाची गोष्ट, आणि त्यावरही 'मोठ्यांचा मान ठेवायची पद्धत नाही हल्ली' हे ऐकून घेतलं. घड्याळात तेव्हा पावणेएक झाला होता.

रात्री 102 ताप. सोमवारी डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं, मधल्या कानाला संसर्ग, पडदा लाल होऊन फुगलेला. सर्दीनंतर लहान मुलांना होतो म्हणाले, त्यांची नाकाकडून कानात जाणारी नळी आखूड आणि आडवी असते. आडवं झालं की जास्त दुखतं. मग विचारलं, कधीपासून? म्हटलं, शनिवारपासून. 'मग काल का नाही आणलंत?'

घरी येऊन औषध पाजलं, तोवर आतेसासूबाईंचा फोन. 'अगं, कान होता म्हणे! आई असून तुझ्या लक्षात कसं नाही आलं गं?'

आलं होतं लक्षात.

शनिवारी रात्री तीन वाजता आलं होतं. तुम्ही घोरत होतात तेव्हा आलं होतं. आणि त्यात अंतर्मन, मातृहृदय, दैवी देणगी वगैरे काही नाही हो. हजेरी आहे. अकरा महिने, दिवसरात्र. भुकेचं रडणं वेगळं, झोपेचं वेगळं, ओल्या लंगोटाचं वेगळं, आणि हे त्यातलं नाही, एवढं कळायला हजेरी लागते. तुमची हजेरी पाऊण तासाची, तीही उपम्यासकट. दोन मुलं वाढवल्याला तुमच्या तीस-पस्तीस वर्षं झाली. तुम्हाला तुमची पोरं आठवतात, माझं दिसत नाही.

मला खरं तर बारा वाजायच्या आत चप्पल घालून निघायला हवं होतं. लोक काय म्हणतील म्हणून नाही निघाले. पंचवीस जणांचा उपमा वाया जाईल म्हणून माझं पोर एक दिवस जास्त कळवळलं. ती टोचणी माझी मला आहे, त्यात तुमची भर नको. बाकीच्या सगळ्या मात्र परत घेऊन जा, पातळ दुधाची, पावडरच्या डब्याची, लोकलची, कडेवर घेतल्याची. त्या माझ्या नव्हत्याच. तुम्ही बाळंतविड्यासोबत आणून ठेवल्यात.

बाळ रडत असताना आईला प्रश्न विचारू नका. एकही नाही. काळजी वाटते ना? मग त्याला दहा मिनिटं कडेवर घ्या, ती जेवून येईल. पातेलं घासा. दवाखान्यात जायला रिक्षा बोलवा. यातलं काहीच जमणार नसेल तर गप्प बसता येतं, त्याला पदवी लागत नाही.

आणि रविवारी ओतलेली बोरं अजून सोफ्याखाली सापडतायत. पोरगं रांगतं, जे दिसेल ते तोंडात घालतं. ज्यांना फारच मार्गदर्शन करायचं असेल त्यांनी यावं. झाडू दाराच्या मागे आहे.