नाना शंकरशेट यांच्या नावाने फिरणारा मजकूर

दरवर्षी ३१ जुलैला, एकोणिसाव्या शतकातले मुंबईचे व्यापारी आणि समाजधुरीण जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांच्या पुण्यतिथीला, एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो. त्याचं सार असं: भारतात रेल्वे नानांनी एकट्याने, स्वतःच्या पैशाने आणली, बोरीबंदरचं (आजच्या सीएसएमटीचं) भव्य स्थानक त्यांनीच बांधलं, आणि इंग्रजांनी त्यांचं नाव इतिहासातून पुसून टाकलं. पाठवणाऱ्यांची श्रद्धा खरी आहे, तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण यातलं बरंचसं चुकीचं आहे आणि त्या गर्दीत नानांचं खरं काम झाकून जातं, म्हणून हे लिहितोय.

आधी पैशाचं. १८४५ मध्ये नाना आणि पारशी व्यापारी सर जमशेटजी जीजीभॉय यांनी पुढाकार घेऊन मुंबईत इंडियन रेल्वे असोसिएशन काढली. पुढे जी कंपनी रेल्वे बांधायला उभी राहिली ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी. १८४९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने तिला मान्यता मिळाली. तिचं भांडवल मुख्यतः इंग्लंडमधल्या भागधारकांचं होतं आणि त्यावर ईस्ट इंडिया कंपनीने ५ टक्के परताव्याची हमी दिली होती. उत्पन्न कमी पडलं तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यायची, म्हणजे शेवटी इथल्या रयतेने भरलेल्या करांतून. ‘रेल्वे ही इंग्रजांची देणगी’ असं ऐटीत सांगणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे.

‘एकट्याने’ हा शब्द तर जमशेटजींवर सरळ अन्याय करतो. कंपनीच्या संचालकांत नाना आणि जमशेटजी असे दोनच भारतीय गृहस्थ होते. मार्गाची आखणी मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांची, आणि भराव घालणारे, खडी फोडणारे हात हजारो मजुरांचे, ज्यांची नावं कुठेच नाहीत. नानांनी काय दिलं? पत दिली. सरकारदरबारी शब्दाला वजन आणि पेठेत विश्वास, अशी दोन्हीकडे चालणारी माणसं त्या काळच्या मुंबईत फार थोडी होती. माझ्या मते ही गोष्ट पैशापेक्षा दुर्मिळ होती.

बोरीबंदरच्या इमारतीचा दावा तारखांवरच कोसळतो. १६ एप्रिल १८५३ ला पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, २१ मैल. तेव्हा आजची इमारत नव्हतीच. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून तिचं काम १८७८ मध्ये सुरू झालं. नाना १८६५ मध्येच गेले होते.

आता पुसून टाकल्याची गोष्ट. १८६२ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलवर नानांची नेमणूक झाली. एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये एल्फिन्स्टन आणि माल्कम या मुंबईच्या गव्हर्नरांच्या पुतळ्यांबरोबर नानांचा संगमरवरी पुतळा आजही आहे. पुसलं असेल तर ते आपण, त्यांचं निम्म्याहून जास्त काम वाचायचंच सोडून देऊन.

ते काम शिक्षणाचं. १८२० च्या दशकात मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तकं यांसाठी जी संस्था उभी राहिली, तिच्या पहिल्या आधारस्तंभांत नाना होते. १८४० पासून पुढे सोळा वर्षं ते बोर्ड ऑफ एज्युकेशन या सरकारी शिक्षण मंडळावर होते. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजी माध्यमाकडे होता. नाना स्वतः इंग्रजी उत्तम जाणत होते, इंग्रजी शिक्षणाचे पुरस्कर्तेही होते. तरी सर्वसाधारण लोकांपर्यंत ज्ञान पोचवायचं तर ते त्यांच्याच भाषेतून, अशी बाजू त्यांनी बोर्डात अध्यक्षांविरुद्ध लेखी मांडली. मराठी शाळा बंद पडताना हळहळणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? मुलींना शिकवणं हा अधर्म मानला जात होता, त्या दिवसांत त्यांनी मुलींच्या शाळेला गिरगावातल्या आपल्या वाड्यात जागा दिली. स्वजनांचा रोष पत्करून. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन ही राजकीय संस्था निघाली, तिचं नेतृत्व नानांकडे आलं, आणि कंपनी सरकारच्या कारभाराविषयीची गाऱ्हाणी तिने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्जाने पोचवली. या सगळ्यातलं एक अक्षर त्या मजकुरात नसतं.

शेवटचा मुद्दा नव्याने चिकटलेला. मुंबई सेंट्रलला नानांचं नाव देण्याचा प्रस्ताव २०२४ मध्ये राज्याने मंजूर केल्यापासून, ‘नानांची रेल्वे याच स्थानकातून सुटली’ असंही काही जण जोडतात. मुंबई सेंट्रल १९३० मध्ये सुरू झालं आणि ते जीआयपीचं नव्हतं, बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) या वेगळ्या रेल्वे कंपनीचं होतं. नाव जरूर द्यावं. नाना चौक तिथून जवळ आहे आणि नानांचा हक्क तर सबंध शहरावर आहे. फक्त तिथे जो फलक लागेल त्यावर रेल्वेच्या ओळीखाली मुलींची शाळा आणि मराठीसाठी बोर्डात दिलेला लढाही लिहावा, आणि जमशेटजींचं नाव गाळू नये.