लेन्स घालायच्याच असतील तर डेलीच घाला

पावसाळा आला की कुणी ना कुणी विचारतंच, चष्म्याचा वैताग आलाय, लेन्स घेऊ का. माझं उत्तर ठरलेलं असतं, बिनधास्त घे, पण रोज वापरून टाकून द्यायच्या, डेली डिस्पोजेबल घे. महिनाभर एकच जोडी धुऊन धुऊन वापरायच्या, म्हणजे मंथलीच्या, भानगडीत पडू नको.

माझा नंबर मायनस 6. पुण्यात भर पावसात हेल्मेट आणि चष्मा घालून गाडी चालवणं म्हणजे काय ते ज्यांना माहितीये त्यांना माहितीये, आतून वाफ, बाहेरून थेंब, आणि समोरच्या गाडीचा लाल दिवा सगळ्या काचेवर पसरलेला. लेन्सने ते सगळं जातंच, वर फ्रेमच्या बाहेरचंही नीट दिसतं, बाजूने घुसणारी रिक्षा वेळेत कळते.

पण हे झालं कुठल्याही लेन्सचं. डेलीचा मुद्दा वेगळाय, स्वच्छतेचा. ओटो विख्टरले नावाच्या चेक केमिस्टने 1961 मध्ये घरच्या घरी, मुलांच्या खेळण्यातल्या सुट्या भागांचं मशीन जोडून पहिल्या मऊ लेन्स बनवल्या. ते मटेरियल पाणी शोषून घेतं म्हणून मऊ राहतं आणि डोळ्याला टोचत नाही. पण पाण्यासोबत अश्रूतलं प्रोटीन, धूळ, परागकण हेही लेन्सवर साचत जातं, आणि मंथलीत आपण तीच लेन्स रोज चोळून, सोल्युशनमध्ये, म्हणजे लेन्स साफ करायच्या द्रावणात, ठेवून परत डोळ्यात घालतो. त्यात ती लेन्स ठेवायची डबी! किती जण ती रोज रिकामी करून सुकवतात? बहुतेक जण जुन्यातच थोडं नवीन सोल्युशन ओततात, काही जण तर नळाखाली धुतात, आणि नळाच्या पाण्यात अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो, त्याने कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, इन्फेक्शन झालं तर नजर जाण्यापर्यंत वेळ येते. डेलीत डबीच नाही. सकाळी नवीन पाकीट फोडायचं, रात्री लेन्स कचऱ्यात, बेसिनमध्ये किंवा संडासात नाही, प्लास्टिक आहे ते.

खर्चाचं म्हणाल तर रोज घालणाऱ्याला डेली महागच पडते, ते मान्य. पण लग्नकार्य, ट्रेक, क्रिकेट एवढ्यापुरतीच लेन्स लागत असेल तर तीसचं पाकीट कितीतरी दिवस पुरतं, मंथली मात्र एकदा उघडली की घाला न घाला, महिन्याने टाकायचीच.

नवीन माणसाने बोटावर लेन्स ठेवून बाजूने बघायची, कडा वाटीसारख्या सरळ वर असतील तर बरोबर, बाहेर फाकल्या असतील तर उलटी आहे. हात साबणाने धुऊन कोरडे करूनच हात लावायचा, आणि लेन्स घालून झोपायचं नाही, पोहायचं नाही, डेली असली तरी.

आणि प्लीज चष्म्याच्या नंबरवर ऑनलाइन मागवू नका, मायनस 6 चा चष्मा असेल तर लेन्स साधारण साडेपाचची लागते, शिवाय डोळ्याची गोलाई मोजावी लागते, त्यामुळे आधी तपासून घ्या. सिलिंडर नंबर (तिरकस नंबर) असेल तरी डेलीमध्ये त्यासाठीच्या टोरिक लेन्स मिळतात, फक्त दुकानात लगेच नसतात, ऑर्डर द्यावी लागते.