तर्री निवेपर्यंत

सकाळी साडेसात वाजता नागपूरच्या धरमपेठेतल्या एखाद्या पोह्यांच्या ठेल्यापाशी उभे राहून, हातात वाफाळती प्लेट आल्याबरोबर जो मनुष्य ती खायला लागतो, त्याच्याविषयी आपण मनात करुणा बाळगावी. त्याला भूक लागलेली असते, आणि भुकेल्या माणसाकडून कलेची अपेक्षा करता येत नाही. आपण मात्र घरून दोन पोळ्या खाऊन निघावे. पाहणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटेल असे छायाचित्र काढायचे असेल, तर काढणाऱ्याचे तोंड कोरडे असणे ही पहिली अट आहे.

नागपूरचे अन्न कॅमेऱ्याला धार्जिणे नाही, हे सुरुवातीलाच मान्य करून टाकावे. पोह्यांवर ओतायची चण्यांची तर्री तांबूस, सावजीचा रस्सा काळपट तांबूस, पाटोडी रस्सा पिवळट तांबूस, आणि गोळाभातातले गोळे या तिन्हींच्या मधले कुठले तरी. ज्यांनी हे पदार्थ पहिल्यांदा रांधले त्यांचे सगळे लक्ष जिभेकडे, नाकाकडे आणि कपाळावरच्या घामाकडे होते. डोळ्यांना त्यांनी फक्त पाणी आणण्यापुरते कामाला लावले. विणकाम करणाऱ्या हलबा कोष्टी घरांतून सावजीचा मसाला आला, त्या घरांत मागावर दिवसभर रंगीत सूत असे. तरीही ताटात एखादा निळा किंवा गुलाबी धागा सोडावा असे कुणाच्याही मनात आले नाही. या पूर्वजांची चूक आता आपल्याला निस्तरायची आहे.

सुरुवात सावजी रश्श्यापासून करावी, कारण तो सर्वांत अवघड आहे. फोनच्या कॅमेऱ्याची अशी समजूत असते की जगातले प्रत्येक दृश्य सरासरीने मध्यम करड्या उजेडाचे असते. काळा रस्सा समोर आला की तो त्याला अंधार समजतो आणि उजेड वाढवतो, त्यामुळे खसखस, भाजलेले खोबरे आणि धणे घालून तासभर शिजवलेला रस्सा पावसाळ्यातल्या नागनदीसारखा दिसू लागतो. उलट पांढऱ्याशुभ्र भाताने पडदा भरला की तोच कॅमेरा उजेड कमी करतो आणि ताजा भात कालचा दिसतो. यावर उपाय सोपा आहे. पडद्यावर रश्श्याच्या जागी बोट टेकवावे, उजेडाची खूण दिसली की ती सावकाश खाली ओढावी, आणि रस्सा पुन्हा काळा होईपर्यंत ओढत राहावे. अशा रीतीने पाच-सात मिनिटांच्या परिश्रमानंतर आपल्याला पडद्यावर तो रंग मिळतो जो वाटीत पहिल्यापासून होता. दरम्यान मटणाच्या चरबीने वाटीच्या कडेला पांढरी गोठण धरलेली असेल. तिच्याकडे दुर्लक्ष करावे, किंवा तिला पोत म्हणावे.

तर्रीचा प्रश्न वेगळा आहे. काळे चणे, कांदा, मसाला आणि भरपूर तेल यांच्या या उकळत्या मिश्रणावर जो लाल तवंग येतो, तो आरशाचे सगळे नियम पाळतो. ज्या कोनात प्रकाश पडतो त्याच कोनात तो परत फेकतो, त्यामुळे आपण वाटीवर फोन धरला की तर्रीत तर्री दिसत नाही. ठेल्याची निळी ताडपत्री दिसते, वरची ट्यूबलाइट दिसते, आणि मधोमध एक डोळा मिटलेला आपला स्वतःचा चेहरा दिसतो. फोन थोडा तिरका धरला की चेहरा जातो, पण ट्यूबलाइट राहते. शेजारच्या गिऱ्हाइकाला वही धरून उभे केले की ट्यूबलाइट जाते, पण गिऱ्हाईकही जाते. शेवटचा आणि रामबाण उपाय म्हणजे टिश्यू कागदाने तवंग टिपून काढणे. त्यानंतर जे उरते त्याला नागपुरात नाव नाही, परंतु ते छायाचित्रात स्वच्छ येते.

आता उजेडाविषयी. या शास्त्रातील सर्व जाणकार सांगतात की अन्नाला खिडकीचा मऊ उजेड हवा, तो बाजूने किंवा किंचित मागून यावा, आणि शक्य असल्यास खिडकी उत्तरेची असावी, कारण उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन आत येत नाही. हा सल्ला कर्कवृत्ताच्या पुष्कळ वर राहणाऱ्या लोकांनी दिलेला आहे. नागपूर २१ अंशांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली असल्यामुळे मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तर तो असा डोक्यावर येतो की उभ्या खांबाची सावलीही नाहीशी होते. तरीही उत्तरेची खिडकी नाकारण्याचे हे कारण नव्हे. खरे कारण असे की त्या खिडकीत कूलर बसवलेला असतो.

एप्रिल ते जून नागपूरच्या घरात खिडकी ही वस्तू नसते. तिथे पत्र्याची एक पेटी असते, तिला तीन बाजूंनी ओल्या ताट्या असतात आणि तिच्यातून येणाऱ्या वाऱ्याला वाळ्याचा वास असतो. उजेड यायला तिळाएवढी फट नसते. म्हणून कलावंताने कूलर काढावा. आधी टाकीतले पाणी उपसावे, पंप बाजूला ठेवावा, ताट्या गच्चीवर वाळत घालाव्यात, आणि कूलरसमोर फरशीवर पंचा टाकून झोपलेल्या वडिलांना हलकेच हलवून “बाबा, फक्त पाच मिनिटं,” असे सांगावे. बाहेर ४५ अंश असतात. “लोकं उकडून मरून राहिले, अन् हा वांग्याच्या भाजीचे फोटो काढून राहिला,” असे काहीसे ते पुटपुटतील. ते मनाला लावून घेऊ नये. खिडकी मोकळी झाली की तिच्यावर आईची जुनी पांढरी ओढणी किंवा धोतर ताणून बांधावे, म्हणजे उजेड गाळून येतो, आणि ताटाच्या दुसऱ्या बाजूला जुन्या कॅलेंडरची पांढरी पाठ उभी करावी, म्हणजे सावलीची बाजू अगदीच काळवंडत नाही. हे सगळे खरोखरच उत्तम साधते. फक्त कूलर पुन्हा बसवताना पंपाची नळी कुठे होती ते कोणाला आठवत नाही.

रात्री जेवणाचे छायाचित्र काढण्याच्या भानगडीत पडू नये. पिवळा दिवा आणि ट्यूबलाइट एकत्र असले की अर्धी भाकर हळदीची आणि अर्धी शेवाळाची दिसते. फ्लॅश मारला तर जेवण पोलीस ठाण्यात नोंद झाल्यासारखे दिसते.

कोनाचे नियम थोडक्यात असे: जे ताटात पसरलेले आहे ते थेट वरून, जे वाटीत किंवा ढिगात आहे ते सुमारे ४५ अंशांतून, आणि जे थरावर थर रचलेले आहे ते समोरून काढावे. फोन फार जवळ नेऊ नये, नाहीतर ताटाची गोलाई बिघडते आणि वाटी ताटाबाहेर पळाल्यासारखी दिसते. दोन पावले मागे जाऊन झूम करावे. वरून काढण्यासाठी उंची लागते, आणि इथे मला स्वतःचा अनुभव सांगणे भाग आहे. मागच्या मे महिन्यात एका रविवारी भावाकडे सावजी मटणाचा बेत होता. वहिनीने ताट वाढले: मधोमध रस्सा, बाजूला मडक्यावर भाजलेली लांब रोटी घडी करून, कांदा, लिंबू. मी प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढलो, दोन्ही हातांनी फोन आडवा धरला, श्वास रोखला. पंखा मीच बंद करायला लावला होता, कारण वाफ सरळ वर जायला हवी होती. चौकट जुळली, रोटीची कड ताटाच्या कडेला समांतर आली, आणि त्याच क्षणी माझ्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा एक थेंब सुटून थेट रश्श्याच्या मध्यभागी पडला. तवंगावर एक सुबक वर्तुळ उमटले. छायाचित्रात ते फार सुंदर आले आहे. वहिनीने थेंब पाहिला होता. ती काही बोलली नाही. मी खाली उतरल्यावर तिने सर्वांची ताटे वाढली आणि ते ताट माझ्यापुढे सरकवले.

व्यावसायिक लोक असला थेंब नाकावर सोपवत नाहीत. ते ग्लिसरीन आणि पाणी एकत्र करून फवारतात. तो थेंब तासन्‌तास वाळत नाही. एकंदरीत या धंद्यात जिन्नस बदलण्याची परंपरा जुनी आणि सन्माननीय आहे. पाक मुरू नये म्हणून त्याऐवजी इंजिनचे तेल, दुधाऐवजी पांढरा डिंक, वितळू नये म्हणून आइस्क्रीमच्या जागी कुस्करलेला बटाटा, आणि वाफेसाठी ताटामागे दडवलेला गरम ओला कापूस, हे सगळे प्रकार जाहिरातींच्या स्टुडिओंत होऊन गेलेले आहेत. अमेरिकेत एका सूप कंपनीने तर वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, म्हणजे भाज्यांचे तुकडे बुडणार नाहीत आणि सूप गच्च भरलेले दिसेल. १९७० च्या सुमारास तिथल्या व्यापार आयोगाने त्याला आक्षेप घेतला आणि कंपनीला ते थांबवावे लागले. आपल्या चणा-तर्रीचे दुखणे अगदी हेच आहे: चणे तळाशी जातात आणि वर नुसते लाल पाणी दिसते. सीताबर्डीच्या बाजारात कंचे, म्हणजे गोट्या, अजून मिळतात. दहा-बारा पुरतात. ते स्वच्छ धुऊन वाटीत टाकावेत, त्यावर चणे रचावेत, आणि मग तर्री ओतावी; फक्त ही वाटी चुकूनही आजोबांच्या हातात जाऊ देऊ नये, कारण त्यांची कवळी नवीन आहे.

संत्र्याचा फोटो काढणाऱ्याने फळवाल्याकडे चव विचारू नये. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते त्याच्या गुणांवर, आणि सालीला केशरी रंग चढतो तो बव्हंशी थंड रात्रींमुळे. त्यामुळे सालीवर हिरवट डाग असलेले फळ पुष्कळदा आतून गोड निघते. आपल्याला ते नको आहे. आपल्याला मेणाची झिलई दिलेले, एकसारखे, आतून कसेही असलेले फळ हवे आहे. ते सोलून पाहू नये.

सजावटीसाठी सांबार वापरावा. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे छायाचित्राखाली लिहून ठेवावे, नाहीतर पुण्याकडचे लोक इडली कुठे आहे म्हणून विचारतात आणि मूळ विषय राहून जातो. कोथिंबिरीची पाने चिमट्याने एकेक ठेवावीत, पण अशी की ती निष्काळजीपणे टाकल्यासारखी वाटावीत. या निष्काळजीपणाला साधारण दहा मिनिटे लागतात. शेव मात्र सर्वांत शेवटी टाकावी, कारण तर्री लागल्यापासून दोन मिनिटांत ती मान टाकते, आणि पोह्यांवरची मऊ पडलेली शेव झाकण्याची युक्ती अजून कोणत्याही स्टुडिओला सापडलेली नाही.

या सर्व काळात ठेलेवाला काय करतो, असा प्रश्न पडेल. पहिली काही मिनिटे तो कौतुकाने पाहतो. मग, “भाऊ, पोहे थंडे होऊन राह्यले नं,” असे तो काळजीने म्हणतो. त्यानंतर तो म्हणतो की प्लेट मोकळी करा, मागं लोक उभे आहेत. त्याला आपण छायाचित्र दाखवावे. तो मान तिरकी करून बराच वेळ पाहील आणि विचारेल की हे कुठले आहेत.

राहिला त्या प्लेटमधल्या पोह्यांचा प्रश्न. ग्लिसरीन फवारलेले, तेल टिपून काढलेले आणि कंच्यांवर बसवलेले पोहे खाऊ नयेत, गाईलाही घालू नयेत. दुसरी प्लेट मागवावी. परंतु एव्हाना दहा वाजून गेलेले असतात, पोह्यांची परात घासायला गेलेली असते, आणि पातेल्यात खालच्या बाजूला वाटीभर तर्री तेवढी उरलेली असते: चणे फुटलेले, तेल वर आलेले, रंग जवळजवळ काळा. ठेलेवाला ती पावासोबत देईल. पाव नसेल तर नुसती घ्यावी आणि उभ्याउभ्याच प्यावी. तिचा फोटो येत नाही, त्यामुळे घाई करायला हरकत नाही.