गाडी छोटी घ्या, बाकीचं देव बघून घेईल

छोटी गाडी घ्यायचं ठरलंय ना? उत्तम. नाशकात तिला तोड नाही. रविवार कारंजाच्या गर्दीत शिरते, कॉलेज रोडला दोन स्कूटरींच्या मधल्या जागेत मावते, आणि सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय. तेव्हा घ्याच. फक्त ती कशी निवडावी, कशी नटवावी आणि महामार्गावर कशी हाकावी याच्या आपल्याकडे काही रूढ पद्धती आहेत. त्या पाळल्या म्हणजे चार लोकांत हसं होत नाही.

निवड अंगठ्यानं करायची. शोरूममध्ये शिरल्याबरोबर दाराचा पत्रा अंगठ्यानं दाबा. आत गेला तर तोंड वाकडं करून 'डबा आहे' म्हणा, नाही गेला तर 'मजबूत आहे' म्हणा. बाहेरचा पत्रा बहुतेक गाड्यांत पाऊण मिलिमीटरच्या आसपासच असतो आणि धडकेत त्याचं काम जवळजवळ शून्य असतं, ही माहिती कटाक्षानं टाळा. खरा भार घेतात त्या बॉनेटखालच्या दोन लांबट पेट्या, दाराखालचा सिल आणि दोन दारांमधला बी-पिलर. हा पिलर चांगल्या गाडीत तापवून दाबलेल्या बोरॉन स्टीलचा असतो. त्याची ताकद साध्या पत्र्याच्या कितीतरी पट असते, पण तो प्लॅस्टिकच्या अस्तराआड दडलेला, अंगठ्याला लागत नाही. त्यामुळे तो नाहीच असं समजायला हरकत नाही. मग दार लावून आवाज ऐका. 'धप्प' असा भारदस्त आला की लगेच बुकिंग करा. हा आवाज दाराच्या रबरावर आणि कुलपावर बेतून मुद्दाम घडवतात, पण कानाला बरा वाटतो, हे महत्त्वाचं.

मग येतात स्टार. हे मोजायचे असतात, वाचायचे नसतात. भारत एनकॅप, म्हणजे गाड्या आदळवून स्टार देणारा आपला सरकारी कार्यक्रम, ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाला. त्यात गाडी ताशी 64 किलोमीटरनं अॅल्युमिनियमच्या जाळीदार ठोकळ्यावर आदळवतात, तीही पूर्ण तोंडानं नाही, रुंदीच्या 40 टक्के भागानं. शिवाय बाजूनं 50 च्या वेगानं धडक देतात, आणि वरच्या स्टारसाठी 29 च्या वेगानं खांबावरही आपटतात. चाचणी पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेसारख्या ठिकाणी होते, म्हणजे इथून फार लांब नाही. निकालाच्या कागदावर प्रौढांचे 32 पैकी गुण, मुलांचे 49 पैकी गुण आणि चाचणी नेमकी कोणत्या व्हेरिएंटची झाली, हे सगळं छापलेलं असतं. ते वाचत बसलात तर डिलिव्हरीचा मुहूर्त हुकेल. स्टार किती? पाच. झालं.

त्या कागदातली खोच अशी, की तो ठोकळा जागचा हलत नाही. म्हणजे गाडी साधारण आपल्याच वजनाच्या दुसऱ्या गाडीवर आदळल्यासारखी चाचणी होते. एक टनाच्या गाडीचे पाच स्टार एक टनाच्या गाडीसमोरचे, दोन टनांच्या गाडीचे दोन टनांसमोरचे. आडगाव नाक्यापुढे समोरून काय येतं हे मात्र चाचणीत धरलेलं नाही, ते ज्यानं त्यानं पत्रिकेत बघावं.

अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेला 2009 मध्ये हे करून बघायची हौस आली. स्मार्ट फोरटू ही दोन माणसांची चिमुकली गाडी त्यांच्याच ठोकळ्याच्या चाचणीत वरच्या श्रेणीत पास झालेली होती. त्यांनी ती मर्सिडीज सी-क्लाससमोर सोडली, दोघींचा वेग ताशी 64. स्मार्ट हवेत उडाली आणि सव्वा गिरकी घेऊन पडली. होंडा फिट त्यांनी अकॉर्डसमोर सोडली आणि टोयोटा यारिस कॅमरीसमोर. तिन्ही छोट्या गाड्यांना शेरा एकच मिळाला: खराब. मोठी आणि छोटी एकाच कंपनीच्या घरातल्या असूनही नात्याची भीड कोणी ठेवली नाही.

हिशेब सातवीच्या मुलालाही जमेल, म्हणून आपण करत नाही. तुमची गाडी चार माणसांसह 1000 किलो, समोरची एसयूव्ही 2400 किलो, दोघांचा वेग 60. आमनेसामने भेट झाली की दोन्ही गाड्या अडकून एकत्र सरकतात. एसयूव्हीच्या वेगात फरक पडतो साधारण 35 किलोमीटरचा, तुमच्या वेगात 85 चा. म्हणजे तुम्ही 60 नं पुढे जात होता आणि सेकंदाच्या दहाव्या भागात 25 नं मागे निघालात. स्टार मिळवले होते 64 वर. आता एसयूव्हीच्या जागी पिंपळगावहून कांदा भरून निघालेला 28 टनांचा दहाचाकी ट्रक ठेवा. तुमच्या वेगातला फरक 116, त्याच्यातला चार. त्या चारचा हिशेब ड्रायव्हरला चहाच्या टपरीवर उतरल्यावर लागतो.

वजन नाही तर नाही, निदान थांबायला अंतर मिळावं, म्हणून गाडीला नाक दिलेलं असतं. 64 च्या वेगातून शून्यावर येताना नाक 60 सेंटिमीटर चेपलं तर माणसाला सरासरी 27 जीचा, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या 27 पट, झटका बसतो, 40 सेंटिमीटरच चेपलं तर 40 जीचा. छोट्या गाडीला एवढंच नाक, त्यातही अर्ध्या जागेत इंजिन, आणि इंजिन काही चेपत नाही. तेव्हा हे उरलेलं वीतभर अंतर कसं वाया घालवायचं, हे शिकून घ्या.

त्यासाठी पुढे स्टीलच्या पाइपांचा क्रॅश गार्ड बसवा. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रानं त्यावर बंदी आणली, पण तो मिळतो, बोल्टसकट मिळतो. बोल्ट थेट त्या दोन लांबट पेट्यांच्या तोंडाशी बसतात. ज्या पेट्यांनी घडी घालत जायचं, त्यांना तो आधीच झटका पोचवतो, आणि एअरबॅगच्या सेन्सरला धडक कळायची वेळ बदलून टाकतो. पादचाऱ्याच्या मांडीचं काय होतं ते सोडा, पार्किंगमध्ये बंपरला ओरखडा येणार नाही, याची खात्री.

नंतर गाडी नवश्या गणपतीला न्या, पूजा करा, लिंबू-मिरची बांधा आणि येताना डॅशबोर्डसाठी एक जड, पितळी मूर्ती घ्या. जागा आयती आहे: पुढच्या डाव्या सीटसमोर, जिथे 'एसआरएस एअरबॅग' असं कोरलंय तिथे. तेवढीच सपाट असते. दुहेरी टेपनं घट्ट चिकटवा. त्या झाकणाखालची पिशवी तीसेक मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवायच्या आत, फुगून बाहेर येते. ती झाकण उडवते तेव्हा झाकणावर काय आहे याची चौकशी करत नाही. मूर्ती सौभाग्यवतींच्या दिशेनं निघते. सीटना कव्हर घालताना ते सगळीकडून शिवलेलं, टाइट घ्या, म्हणजे सीटच्या कडेतून फुटणारी साइड एअरबॅग आतच राहते. सहा एअरबॅगचे पैसे दिलेत ना, मग त्या जपून ठेवा.

पट्ट्याचं मात्र अवघड झालंय. लावला नाही तर गाडी ओरडते. त्यावर तोडगा म्हणून बकलमध्ये खोचायची नुसती क्लिप निघाली. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन दुकानांना ती काढून टाकायला लावली, कारण ती पट्ट्याचा इशारा बंद पाडत होती. काही जण तर ती बाटली उघडायचं साधन म्हणून विकत होते. (ग्राहकाची गरज ओळखणं म्हणतात ते हेच.) आता पट्टा पाठीमागून घेऊन बकलमध्ये घाला, आवाज बंद. हजाराच्या दंडातून सुटायचं असेल तर सिग्नलला खांद्यावर ओढून धरा. एअरबॅग पट्टा लावलेल्या माणसासाठीच मोजूनमापून केलेली असते. मोकळा माणूस धडकेत पुढे सरकत येतो आणि ती फुगत असतानाच तिच्या तोंडी सापडतो, हे तिच्या 'एसआरएस' या नावातल्या 'सप्लिमेंटल', म्हणजे पूरक, या शब्दात कंपनीनं कळवलंय. मागच्या सीटवर तर पट्टा काढून कव्हरखाली ढकलून द्या. मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो, म्हणजे एकाच्या हलगर्जीपणात दोघांचा सहभाग होतो.

बाळ मांडीवरच घ्या. बाळाची खुर्ची अडकवायची आयसोफिक्सची कडी सीटच्या फटीत आहे, ती शोधायला कोणाला वेळ? दहा किलोचं बाळ 27 जीला 270 किलोचं होतं, म्हणजे जवळजवळ पावणेतीन क्विंटल. लासलगावच्या हमालाला विचारा, तेवढं एका हातानं धरता येतं का. आईला येतं, असा आपल्याकडे समज आहे.

आता रस्ता. वेग मर्यादेत ठेवायचा विचार मनात आला तर झटकून टाका. गाडीची 80 ची टिकटिक बंद करून द्यायला दुकानं आहेत. भरवीरहून समृद्धीला चढा, 120 ला परवानगीच आहे. 64 च्या तुलनेत 120 ला गाडीत साडेतीन पट ऊर्जा असते. टायर 145 रुंदीचे, तेही शेवटचा पेट्रोल पंपवाला म्हणाला तेवढ्या हवेचे.

रात्री जायचं असेल तर कांद्याच्या हंगामात चांदवडच्या बाजूला जा. लो-बीमचा उजेड चाळीस-पन्नास मीटर पडतो. ताशी 90 नं चाललात की ब्रेकवर पाय जाईपर्यंतच सदतीसेक मीटर संपतात, पुढे थांबायला आणखी पंचेचाळीस लागतात. बेरीज करू नका. मध्ये ट्रॅक्टरची ट्रॉली असते. टेललॅम्प नसतो, त्याजागी दोन जुन्या सीडी दोऱ्यानं लटकवलेल्या असतात. ट्रॉलीची फळी जमिनीपासून मीटरभर उंच, तुमच्या बंपरमागची बीम अर्ध्या मीटरवर. दोघांची गाठच पडत नाही. नाक अलगद खाली शिरतं, चेपण्यासाठी ठेवलेला क्रम्पल झोन शाबूत राहतो, सेन्सरला वाटतं फार काही झालेलं नाही, आणि पहिली टक्कर लागते ती काचेला आणि काचेच्या कडेच्या ए-पिलरला. ट्रकना मागे आडवा दांडा लागतो, जमिनीपासून 550 मिलिमीटरच्या आत. ट्रॉलीला तो कोण लावतं? आणि ट्रकचाही बऱ्याचदा गंजून वर वाकलेला असतो. पाच स्टारांपैकी इथे एकही उपयोगी पडत नाही. इथे फक्त वेग आणि दिवे उपयोगी पडतात, म्हणून ते दोन्ही वाईट ठेवा.

राहूड घाटात उतारावर रांग लागली की ब्रेक तापलेल्या कंटेनरच्या बरोब्बर पुढची जागा धरा. चार मीटरच्या आत सात सीटा बसवलेली गाडी असेल तर तिसऱ्या रांगेत पाहुण्यांना बसवा. त्यांच्या डोक्यापासून मागची काच वीतभर अंतरावर असते, देखावा चांगला दिसतो.

शेजारचे काका म्हणतील, 'एवढं कशाला, मोठीच घे की.' सातपूरला एसयूव्हीचा कारखाना असलेल्या गावात हे ऐकावंच लागणार. त्यांना 2016 सांगू नका, त्या वर्षी ग्लोबल एनकॅप या अशाच स्टार देणाऱ्या परदेशी संस्थेनं एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य स्टार दिले. 2024 ही सांगू नका, त्यात बोलेरो निओला एक मिळाला. आणि 2021 मध्ये पावणेचार मीटरच्या जवळपासच्या पंचला पाच मिळाले होते हे तर मुळीच नको, काकांचा रक्तदाब वाढतो. वजन वाढलं की झटका कमी होत नाही, तो समोरच्याकडे सरकतो. समोर काकांचाच जावई छोट्या गाडीत असेल तर घरातल्या घरात राहतो.

हे सगळं महाग वाटत असेल तर सेकंड हँड बघा. धडक होऊन दुरुस्त झालेली गाडी फार स्वस्तात पडते. फुटलेल्या एअरबॅगचं नवं मॉड्यूल आणि धडकेत पट्टे आवळणारे प्रीटेन्शनर परवडत नाहीत, म्हणून कनेक्टरमध्ये दोन ओहमचा रेझिस्टर खोचतात आणि वर झाकण चिकटवतात. कॉम्प्युटरला वाटतं एअरबॅग आहे. चावी फिरवल्यावर एसआरएसचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. जळतच राहिला तर 'सेन्सरचं आहे, चालतं' म्हणतात. लागलाच नाही तर बल्ब काढलेला असतो, आणि अशा गाडीला 'एकदम क्लीन' म्हणतात. पट्टा झटक्यानं ओढून बघू नका, अडकला नाही तर उगाच भाव पाडावा लागेल. झाकणाची कड शेजारच्या प्लॅस्टिकपेक्षा जरा जास्त चकचकीत दिसली तर तीही कौतुकानं बघा, नवी आहे. विकणारा विचारेल, आणखी काही तपासायचंय का? म्युझिक सिस्टिम वाजवून घ्या.